नापासांच्या यादीतील एक नाव : आर. के. नारायण

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने ठरविले, तेव्हा माझ्यापुढे चार-पाच नावांची एक यादीही ठेवण्यात आली. सर्व नावे वंदनीय होती, आणि त्यांपैकी प्रत्येकावर गेल्या साठ वर्षांत आपल्या शाळेच्या व्यासपीठावरून इतकी भाषणे झाली आहेत की नवे काही सांगण्याचे धाडस मला होईना. मी मंडळाची क्षमा मागितली आणि एका नापास विद्यार्थ्याची निवड केली.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर शालान्त परीक्षेत शाळेत प्रथम आलेल्यांची वर्षवार नावे आहेत. ती असलीच पाहिजेत. नापास झालेल्यांची यादी कोणतीही शाळा छापत नाही आणि छापूही नये. तरीही निकालपत्रकावर स्वाक्षरी करताना लाल शाईने अधोरेखित झालेली काही नावे माझ्या डोळ्यांपुढे रेंगाळतात, आणि ती मुले पुढे कोठे गेली असतील हा विचार मनातून जात नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे, ते आर. के. नारायण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले होते, आणि तेही इंग्रजी या विषयात. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी ज्या भाषेत लिहिले, ती भाषा हीच.

आपल्या वाचकांना त्यांच्याविषयी जवळीक वाटावी असे आणखी एक कारण आहे. आपण महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी, रस्त्यावर दुसरी भाषा आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणारी माणसे. नारायण यांचे घराणे तमिळभाषक. त्यांचे आयुष्य गेले कन्नड बोलणाऱ्या म्हैसूर नगरीत. आणि लेखणी चालली इंग्रजीत. या तीन भाषांच्या संगमावर त्यांनी जे गाव वसविले ते मालगुडी. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांनी ते दूरदर्शनवर पाहिलेले आहे.

रासीपुरम कृष्णस्वामी अय्यर नारायणस्वामी यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रास येथे झाला. वडील शिक्षणखात्यात, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. घरात मुले बरीच. म्हणून नारायण यांचे बालपण मद्रासच्या पुरसवाक्कम भागात आजीजवळ गेले. आजीचे घर म्हणजे एक संस्थाच होती. अंगणात मोर, सोबतीला माकड, आणि पत्रिकेपासून औषधापर्यंत सल्ला विचारावयास येणारे शेजारीपाजारी. संध्याकाळी आजी नातवाकडून पाढे म्हणवून घेई, संस्कृत श्लोक पाठ करून घेई, पुराणातील कथा सांगे आणि रागांची ओळखही करून देई. शाळा मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ल्यूथरन मिशनच्या ज्या शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले, तिच्या आठवणी त्यांनी आयुष्यभर जपल्या. परंतु त्या प्रेमाने जपल्या असे म्हणता येणार नाही.

वडिलांची नेमणूक म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलमध्ये मुख्याध्यापक म्हणून झाली, आणि नारायण तेथे आले. आता वडील ज्या शाळेचे मुख्याध्यापक त्याच शाळेत मुलगा विद्यार्थी, हा प्रसंग किती अवघड असतो ते या व्यवसायातील माणसालाच कळेल. मुलाने गुण मिळविले तर पक्षपाताची कुजबूज, न मिळविले तर घराण्याची नाचक्की. नारायण यांनी दुसरा मार्ग पत्करला.

वडील कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. पण त्यांनी एक दार सताड उघडे ठेवले होते. शाळेचे ग्रंथालय मोठे होते, आणि वाचनालयासाठी विलायतेहून व अमेरिकेहून मासिके येत. ती आधी मुख्याध्यापकांच्या घरी पोहोचत. मुलांनी ती खुशाल वाचावीत; मात्र त्यांना डाग पडता कामा नये आणि सोमवारी सकाळी ती शाळेच्या टेबलावर गेलीच पाहिजेत, एवढाच नियम होता. अशा रीतीने स्कॉट, डिकन्स, हार्डी, कॉनन डॉयल आणि वुडहाउस ही मंडळी त्या घरात वावरू लागली. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांना मग जागा उरली नाही.

१९२५ साली निकाल लागला आणि मुख्याध्यापकांचा मुलगा नापास झाला. पुढील परीक्षेपर्यंतचे सबंध वर्ष रिकामे. त्या घरात त्या दिवशी काय झाले असेल याची कल्पना मी अनेकदा करून पाहिली आहे. एवढे खरे की मुलाला घराबाहेर काढण्यात आले नाही, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप पडले नाही, आणि तो हातात एखादे पुस्तक घेऊन म्हैसूरच्या कुक्कनहळ्ळी तलावाकाठी फिरत राहिला. याच वर्षी त्याने लेखक होण्याचे ठरविले.

आता लेखक व्हावयाचे म्हणजे काय करावयाचे? तरुण नारायणचे उत्तर सोपे होते : रडावयाचे. त्या काळात त्याला ज्या कादंबऱ्या आवडत त्यांतील नायक-नायिका झिजून झिजून मरत असत. पुस्तकाचा शेवट वाचकाला पार चिरडून टाकणारा नसेल तर त्याला ते पुस्तक अपुरे वाटे. मिसेस हेन्री वुड यांच्या ‘ईस्ट लिन’ने त्याला मनसोक्त रडविले होते. साहजिकच त्याने स्वतः जे लिहावयास घेतले ते उसन्या दुःखाने ओथंबलेले होते. गद्यकाव्ये झाली, एका मोगल राजपुत्राच्या छळाची कहाणी सांगणारे नाटक झाले. ज्या मुलाने राजवाडा बाहेरून पाहिला होता आणि मरण पुस्तकांतच अनुभवले होते, तो राजपुत्रांच्या मरणयातना रंगवीत होता. मित्र ऐकून घेत. लंडनचे संपादक ऐकून घेत नसत. पाकीट जसे जाई तसे परत येई.

येथे मला थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. महाविद्यालयात असताना मीही कथा लिहीत असे. माझ्या नायिका क्षयाने मरत आणि त्यांचे प्रियकर हिमालयात निघून जात. आमच्या घरात तोपर्यंत कोणालाही क्षय झालेला नव्हता, आणि हिमालय आम्ही दिनदर्शिकेवर पाहिला होता. दिवाळी अंकांकडे पाठविलेली ती पाकिटे साभार परत येत. ‘साभार’ या शब्दात इतका कोरडेपणा असू शकतो, हे व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकातून मला कळले नव्हते. सहा पाकिटांनंतर मी बी.एड.चा अर्ज भरला. नारायण यांनी असा अर्ज भरला नाही. आमच्यातला फरक हा.

दुसऱ्या प्रयत्नात परीक्षा उत्तीर्ण होऊन ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात दाखल झाले. बी.ए.ला इतरांना तीन वर्षे लागत, त्यांना चार लागली. पदवी १९३० मध्ये हाती आली. पुढे एम.ए. करावे म्हणून ते अर्ज घेऊन निघाले असता कॉलेजच्या जिन्यावर एक मित्र भेटला, आणि साहित्याची आवड कायमची घालवावयाची असेल तर एम.ए. हा उत्तम उपाय आहे, असे त्याने पटवून दिले. नारायण जिन्यावरूनच मागे फिरले. ही हकीकत मी आमच्या शिक्षककक्षात सांगितली, तेव्हा एम.ए. झालेल्या आम्ही तिघीजणी थोडा वेळ गप्प होतो.

उपजीविकेसाठी शिक्षकाची नोकरी हा पिढीजात मार्ग होता. चन्नपट्टणच्या सरकारी शाळेत त्यांची नेमणूक झाली. तेथील मुख्याध्यापकांनी त्यांना व्यायामशिक्षकांच्या जागी तास घेण्यास सांगितले. आपल्याकडे याला बदली तास म्हणतात, आणि रोज सकाळी त्याचे रजिस्टर घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहणे हे माझ्या पदाचे सर्वांत अप्रिय कर्तव्य आहे. नारायण यांनी कवायत घेण्याऐवजी नोकरी सोडली. माझी सहानुभूती, खरे सांगावयाचे तर, त्या मुख्याध्यापकांकडे आहे. पण त्या दिवशी नारायण मैदानावर गेले असते आणि पुढे तीस वर्षे जात राहिले असते, तर मालगुडीचे स्टेशन कोणी बांधले असते, हेही मनात येते.

ते स्टेशन बांधले गेले १९३० च्या सप्टेंबरात, बंगळूर मुक्कामी. दिवस आजीने शुभ पाहून दिला होता. नारायण यांनी एक वही विकत घेतली, टाक चघळीत बसले, आणि काय लिहावे हे सुचत नसता त्यांच्या डोळ्यांपुढे एक लहानसे रेल्वे स्टेशन उभे राहिले. स्टेशनाला नाव मिळाले मालगुडी. मग गावात हळूहळू नदी आली, शाळा आली, बाजार आला. कथानक ठरलेले नव्हते. आज काय घडणार हे लेखकाला लिहावयास बसल्यावरच कळे. नायक होता स्वामिनाथन नावाचा शाळकरी मुलगा, जो सोमवारी सकाळी उठावयास तयार नसे.

पाच वर्षे राजपुत्रांच्या मागे धावल्यानंतर लेखणी आपल्याच गल्लीत येऊन थांबली होती. स्वामीला वडील गणित घालतात : दहा आंबे पंधरा आण्यांना, तर चार आंब्यांचे किती? आंबे पिकलेले आहेत की कच्चे हे कळल्याखेरीज स्वामीला हिशेब सुरूच करता येत नाही. वडील संतापतात. मी तो प्रसंग वाचते तेव्हा प्रथम हसते, आणि मग मला माझ्या वर्गातील एक मुलगा आठवतो, ज्याने असाच काही प्रश्न विचारला होता आणि ज्याला मी उभे केले होते. स्वामीचा प्रश्न गणिताच्या दृष्टीने चुकीचा असला, तरी बाजारात जाणाऱ्या कोणाही गृहिणीच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

कादंबरी लिहिणे चालू असताना पोटाचे काय, हा प्रश्न होताच. त्यांचे प्रथम प्रसिद्ध झालेले लेखन म्हणजे सतराव्या शतकातील इंग्लंडच्या सागरी कायद्यांवरील एका ग्रंथाचे परीक्षण. म्हैसूरपासून समुद्र किती दूर आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या आरंभाची गंमत कळेल. लेखनाची पहिल्या वर्षाची कमाई झाली सुमारे नऊ रुपये बारा आणे. दुसऱ्या वर्षी ‘द हिंदू’ने एक कथा स्वीकारली आणि अठरा रुपये आले, त्यातूनही मनीऑर्डरचे कमिशन वजा होऊन. तिसऱ्या वर्षी एका बालकथेचे तीस रुपये मिळाले. तो धनादेश नारायण यांनी वडिलांच्या हाती ठेवला. वडिलांना फार आनंद झाला, आणि हा पहिला व बहुधा शेवटचाच धनादेश असावा, असे त्यांनी सहज बोलून दाखविले. मुलाने त्यातील शेवटच्या विशेषणाला हरकत घेतली.

लिहिण्याचे जुने, अवजड टंकलेखन यंत्र या धामधुमीत दुकानदाराच्या उधारीपोटी गेले. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने त्यांचा एक विनोदी लेख छापला, त्याचा विषय होता भारतीय कादंबरी कशी लिहावी. हिंदुस्थानावर कादंबऱ्या रचणाऱ्या विलायती लेखकांची त्यात फिरकी घेतलेली होती. स्वतःची कादंबरी प्रकाशकांच्या दारांतून परतत असतानाच कादंबरी कशी लिहावी हे जगाला शिकवून त्यांनी पैसे मिळविले, हा योग काही वाईट नव्हता.

१९३३ च्या जुलैत ते कोईमतूरला बहिणीकडे गेले होते. रस्त्यावरील सार्वजनिक नळावर एक मुलगी पाणी भरीत होती. तिचे नाव राजम. तिचे वडीलही मुख्याध्यापक होते. म्हणजे आमच्या व्यवसायाने या लेखकाची पाठ कोठेही सोडली नाही. मध्यस्थ न घालता नारायण यांनी थेट त्यांनाच गाठून मुलीला मागणी घातली. त्या काळी अशी मागणी वडीलधाऱ्यांनी घालावयाची असे, आणि मुलगा मिळवता असावा हे गृहीत असे. शिवाय पत्रिका जुळेना. मुलाच्या सप्तमस्थानी मंगळ होता, आणि जोतिषांच्या मते ते पत्नीच्या आयुष्याला घातक होते. बरीच खलबते झाली, दुसरे जोतिषी आणण्यात आले, आणि अखेर विवाह झाला.

संसार सुरू झाल्यावर ते मद्रासच्या ‘जस्टिस’ या पत्राचे म्हैसूरचे बातमीदार झाले. पत्र ब्राह्मणेतरांच्या हक्कांसाठी चालविलेले. त्याला बातम्या पुरविणार एक अय्यर. मालकांना याची मौज वाटे. बातमीच्या छापील लांबीवर पैसे मिळत. त्यामुळे न्यायालये, पोलीसचौक्या, बाजार आणि नगरपालिकेच्या सभा यांत त्यांचा दिवस जाई. लेखन शिकण्याची शाळा म्हणून पाहिले तर ही नोकरी एम.ए.हून सरस ठरली असे मला वाटते. नंतरच्या कादंबऱ्यांतील छापखानेवाले, सावकार, वकील व फसवे साधू यांचे चेहरे अशा भटकंतीतूनच जमा झाले असणार.

इकडे स्वामीची हस्तलिखित प्रत एका लंडनच्या प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे फिरत होती. शेवटी ती ऑक्सफर्डमध्ये शिकत असलेल्या पूर्णा नावाच्या मित्राच्या पत्त्यावर गेली. नारायण यांनी त्याला कळविले की आता ती परत पाठविण्याचा खर्च करू नये. तिला एक दगड बांधावा आणि थेम्स नदीत सोडून द्यावे. हा विनोद होता, पण केवळ विनोद नव्हता. पाच वर्षांच्या कष्टाला जलसमाधी द्यावी असे ज्याच्या मनात येते, त्याच्या निराशेची खोली आपण ओळखली पाहिजे. मित्राने आज्ञा पाळली नाही. तो ती प्रत घेऊन ग्रॅहम ग्रीन या तरुण इंग्रज कादंबरीकाराकडे गेला. ग्रीन यांनी ती वाचली, आपल्या प्रकाशकाला गळ घातली, आणि कादंबरी स्वीकारली गेल्याची तार म्हैसूरला आली. ग्रीन यांच्याच सल्ल्याने ते लांबलचक नाव आखूड होऊन आर. के. नारायण असे झाले. १९३५ मध्ये हॅमिश हॅमिल्टन यांनी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध केली. ज्या माणसाने हे सारे घडविले, त्याच्याशी नारायण यांची ओळख पुढे कित्येक वर्षे पत्रांतूनच होती.

येथून पुढे सारे सुरळीत झाले असे सांगता आले असते तर बरे झाले असते. परीक्षणे चांगली आली, प्रती खपल्या नाहीत. १९३७ मध्ये ‘द बॅचलर ऑफ आर्ट्‌स’ आली ती दुसऱ्या प्रकाशकाकडून. १९३८ मध्ये ‘द डार्क रूम’ आली ती तिसऱ्याकडून. १९३७ सालीच वडील गेले आणि घराचा आधार तुटला. नारायण यांना म्हैसूर सरकारसाठी प्रवासवर्णनाचे काम पत्करावे लागले.

आणि १९३९ मध्ये राजम विषमज्वराने गेली. विवाहाला पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. मुलगी हेमा तीन वर्षांची होती.

कॉलेजच्या वयात ज्याने पुस्तकांतील मृत्यूंवर अश्रू ढाळले, उसन्या दुःखावर पाने भरली, त्याच्या घरी आता खरे दुःख आले होते, आणि त्याला एक ओळही लिहिता येईना. लेखणी थांबली ती बराच काळ. जोतिषांचे भाकीत खरे ठरल्याची बोचणी त्यात असेल काय, हे आपण कसे सांगावे? घरची माणसे मुलीला सांभाळीत होती. नारायण मद्रासला गेले असता तेथील एका गृहस्थांच्या माध्यमातून त्यांनी मृत पत्नीशी संवाद साधण्याचे प्रयोग केले, आणि त्यांतून आपल्याला धीर मिळाला असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. या प्रयोगांवर कोणी विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये. मला एवढेच दिसते की चार वर्षांच्या वयाकडे झुकलेल्या एका मुलीच्या बापाला पुन्हा उभे राहावयाचे होते, आणि जे साधन हाती लागले ते त्याने धरले.

१९४५ मध्ये ‘द इंग्लिश टीचर’ प्रसिद्ध झाली. नायक शिक्षक आहे. त्याच्या पत्नीचे नाव सुशीला आहे. तिला विषमज्वर होतो. नावे वेगळी असली तरी बाकी फारसे बदललेले नाही. या पुस्तकात कोठेही ‘ईस्ट लिन’सारखा आक्रोश नाही. ताप किती चढला, डॉक्टर काय म्हणाले, रात्री कोण जागले, घरात कोणती खोली बंद राहिली, एवढेच साधे तपशील एकापुढे एक येतात. वाचणाऱ्याला मात्र पुस्तक मध्येच मिटून ठेवावे लागते. माझ्या मते त्यांच्या सर्व पुस्तकांत हे श्रेष्ठ आहे. ‘द गाइड’ अधिक सफाईदार आहे हे मान्य करूनही मी असे म्हणते. नारायण यांनी पुनर्विवाह केला नाही.

उत्तरायुष्याची कथा यशाची आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये ‘द फायनान्शियल एक्सपर्ट’ आली. १९५६ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले असता बर्कलीच्या हॉटेलातील खोलीत बसून त्यांनी ‘द गाइड’ लिहिली. म्हैसूरकडे अवर्षण पडले असता कावेरीच्या पात्रात उभे राहून पावसासाठी प्रार्थना करणाऱ्यांची आठवण तिच्या मुळाशी होती. १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली, १९६० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९६५ मध्ये देव आनंद यांचा चित्रपट आला. चित्रपट लोकांना अतिशय आवडला. लेखकाला आवडला नाही. आपले मालगुडी ओळखू येईनासे झाले, अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी एका खुसखुशीत लेखात मांडली. पद्मभूषण १९६४ मध्ये व पद्मविभूषण २००० मध्ये मिळाले.

दूरदर्शनवर १९८६ मध्ये ‘मालगुडी डेज’ मालिका सुरू झाली. दिग्दर्शक शंकर नाग मुंबईत मराठी रंगभूमीवर काम केलेले. चित्रीकरण कर्नाटकातील आगुंबे गावी. आणि आरंभीची रेखाचित्रे नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस मराठी घरांना मुंबईच्या वृत्तपत्रातून पिढ्यान्‌पिढ्या भेटत होताच. एका म्हैसूरच्या घरातून निघालेले हे दोन भाऊ अशा रीतीने आपल्याही घरात आले.

त्याच वर्षी नारायण यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. सहा वर्षांच्या त्या कारकिर्दीत त्यांनी प्रामुख्याने एकच विषय लावून धरला, आणि तो होता शाळकरी मुलांचा. लहान मुले पाठीवर दप्तराचे ओझे घेऊन वाकून चालतात आणि घरी परतल्यावरही त्यांना खेळावयास वेळ उरत नाही, हे गाऱ्हाणे ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या या सदस्याने सभागृहापुढे मांडले. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिने अहवाल दिला. तो अहवाल माझ्या कार्यालयातील कपाटात आहे. आपल्या शाळेत पाचवीच्या मुलांच्या दप्तरांचे वजन मी मागील वर्षी करून पाहिले. आकडा येथे देत नाही, कारण पालक वाचणार आहेत. पण कोणत्या वह्या शाळेतच ठेवता येतील याचा विचार आम्ही सुरू केला आहे.

अखेरची वर्षे त्यांनी चेन्नईत काढली. संध्याकाळी ‘द हिंदू’चे एन. राम भेटावयास येत, आणि कॉफीबरोबर मध्यरात्रीपर्यंत गप्पा चालत. २००१ च्या मे महिन्यात प्रकृती ढासळून त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. वय चौऱ्याण्णव होते. कृत्रिम श्वसनयंत्र लावण्यापूर्वी काही तास ते राम यांच्याशी पुढील कादंबरीविषयी बोलत होते. ती एका आजोबांची गोष्ट असणार होती, आणि ती लिहावयास घेण्यासाठी त्यांनी एक वही आणून देण्यास सांगितले. १३ मे रोजी त्यांचे निधन झाले. ती कादंबरी सुरू झाली नाही.